नसाब उठेपर्यंत

केस चालू होती तेवढ्या काळात नायक आमच्या घरी पाण्याचा घोट प्यायले नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात पुसदच्या स्टँडवर उतरून, डोक्याला पांढरं उपरणं गुंडाळून ते चालत यायचे, फाटकाशी उभे राहून हाक मारायचे आणि आई तांब्या घेऊन बाहेर आली की हात जोडायचे. "नसाब उठू द्या बाई, मंग पितो." ओठ सुकून पांढरे पडलेले असायचे, घशाची घाटी वरखाली होताना दिसायची, पण तांब्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाला ओंजळ लावून पोटभर पाणी पिऊन यायचे आणि पुन्हा फाटकाशी उभे. माझी आई या प्रकारानं इतकी चिडायची की तांब्यातलं पाणी ती तुळशीला न घालता सरळ रस्त्यावर भिरकवायची.

नायक म्हणजे माझे सासरे. फुलसावंगीच्या अलीकडे आमचा तांडा, आणि त्या तांड्याचे ते नायक. नसाब म्हणजे तांड्याची न्यायाची बैठक. पूर्वी सगळीच भांडणं तिथं मिटायची. आता लोक पोलीस स्टेशनला जातात, वकील करतात, तरी जाता जाता एकदा नायकांच्या कानावर घालून जातात. लग्न होऊन मी तांड्यात आले त्याच वर्षी दोन भावांचा बांधावरून वाद झाला होता. बैठक पुन्हा पुन्हा लांबत होती. एका भावाच्या घरी त्याच सुमारास बारसं होतं, आणि नायक त्या दारावरून मान खाली घालून निघून गेले. "जेवणावर पाणी सोडलं या माणसानं," असं सासूबाई चुलीपुढं बसून बडबडत होत्या. ज्याचा न्याय हातात घेतला त्याच्या घरचं पाणी बंद, हा नायकांचा नियम होता. त्यांच्या वडिलांचाही तोच होता म्हणे. सासूबाईंनी आयुष्यभर या नियमाला शिव्या घातल्या आणि आयुष्यभर तो सांभाळला. केस उभी राहिली तेव्हा त्या नव्हत्या. त्या असत्या तर कदाचित केसच उभी राहिली नसती.

नायकांच्या मुलाचं, प्रवीणचं, आणि माझं का बिनसलं ते इथं सांगत बसत नाही. ते कोर्टात सांगून झालं आहे, आणि दोन्ही बाजूंनी जरा जास्तच सांगून झालं आहे. मी लेकीला, जानूला घेऊन पुसदला आईकडे आले, मेडिकलच्या दुकानात पूर्वीची नोकरी पुन्हा धरली आणि घटस्फोटाचा अर्ज टाकला. प्रवीण तेलंगणात पोकलेन चालवायचा, महिन्या-पंधरा दिवसांनी घरी यायचा. एकदा तो सरळ स्टँडवर आम्हाला गाठून उभा राहिला. जानूचा एक हात त्यानं धरला, एक मी धरला, आणि भर स्टँडवर आम्ही दोघं शिकलेली माणसं एकमेकांवर ओरडत होतो. सहा वर्षांची पोर ओरडलीही नाही, रडलीही नाही. ती नुसती एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेची आठवण आली की आजही माझ्या हातातली गोळ्यांची पाकिटं खाली पडतात.

त्यानंतर वकिलांनी तातडीनं अर्ज केला आणि कोर्टानं हुकूम दिला. अंतिम निकाल लागेपर्यंत मुलगी आईकडे राहील. एकाआड एक शनिवारी वडिलांकडे जाईल आणि रविवारी संध्याकाळी परत येईल. निकाल होईपर्यंत तिला तालुक्याबाहेरच्या शाळेत घालायचं नाही की जिल्ह्याबाहेर न्यायचं नाही. प्रश्न एवढाच उरला की आणायची-न्यायची कोणी? प्रवीणला आमच्या दारात उभं करायला मी तयार नव्हते आणि मला तांड्यात पाऊल टाकू द्यायला तो. तेव्हा मागच्या बाकावरून नायक उठले. "पोट्टी मी नेतो, मीच आणून देतो."

न्यायाधीश मॅडमनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "आजोबा, तुम्ही मुलाचे वडील. तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"ठेवू नका," नायक म्हणाले. "दर खेपेले तपासत जा."

मॅडमच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, पण हुकमात 'आजोबांमार्फत' असे शब्द आले. ज्या माणसाच्या घरातून मी पोर घेऊन निघाले होते, त्याच माणसाच्या हाती दर पंधरवड्याला ती द्यायची होती.

पहिल्या शनिवारी ते आले आणि मी आतून ऐकत राहिले. आमच्या घरात बोली गोरमाटी, बंजाऱ्यांची. लग्न झाल्यापासून नायक माझ्याशी तिच्यातच बोलायचे आणि मला 'याडी' म्हणायचे. याडी म्हणजे आई. लाडानं लेकीसुनांनाही म्हणतात. त्या दिवशी फाटकातून हाक आली ती अशी: "बाई, पोट्टीले तयार केलं काय?" मला वाटलं, कोणी परकं आलं. बाहेर येऊन पाहते तर नायक. मी चिडून विचारलं, आपली बोली विसरलात का? तर म्हणाले, "कोर्टात वऱ्हाडीतच बोलतो मी. इकडं घरच्या बोलीत बोललो त तुह्या बाजूचा होईन, तिकडं बोललो त त्याच्या बाजूचा." मी विचारलं, म्हणजे लेकाशीही वऱ्हाडीतच बोलता? नायकांनी उत्तर दिलं नाही. जानूची पिशवी खांद्याला अडकवली आणि तिचं बोट धरून स्टँडकडे चालू लागले. ती दोघं दिसेनाशी होईपर्यंत मी फाटकाची कडी धरून उभी होते.

हे उत्तर न देणं हा त्यांचा दुसरा नियम. मी काही साधी बाई नाही. मी खोदून खोदून विचारायची. तिकडं कोण आलं होतं, प्रवीण काय म्हणतो, नवीन काय ठरतं आहे? नायक शांतपणे उपरणं झटकायचे. "तिकडची गोष्ट तिकडं, बाई." आईनं एकदा फाटकात गाठून प्रवीणचा यथेच्छ उद्धार केला, शेजारपाजार ऐकेल असा. नायकांनी पूर्ण ऐकून घेतला आणि "झालं?" असं विचारून निघून गेले. यातला एक शब्दही त्यांनी तिकडं नेला नाही. नेला असता तर पुढच्या तारखेला प्रवीणच्या वकिलानं तो सव्याज वाचून दाखवला असता.

हुकूम हा शब्द ते फार जपून उच्चारायचे. तांड्यातले लोक त्यांना समजावायचे, एवढं काय करता नायक, तो तर तात्पुरता हुकूम, पक्का थोडाच आहे! हे मला त्यांनीच एकदा सांगितलं, कारण त्यात कोणाच्या घरची गोष्ट नव्हती. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? "म्हटलं, तात्पुरता म्हंजे आजचा. आज पाळाचा नाई त कवा पाळाचा?" हुकमात परतीची वेळ सहाची होती, पण नायक घड्याळ बघत नसत. थंडीच्या दिवसांत सूर्य लवकर बुडतो म्हणून ते साडेपाचच्या आत पोर दारात उभी करायचे. अंधारात पोर कोणाच्या हाती द्यायची नाही, असं त्यांचं म्हणणं.

आईचा राग मात्र जात नव्हता. तिचं एकच टुमणं होतं: आपल्या दारचं पाणी चालत नाही म्हणजे आपल्याला शत्रू समजतो हा माणूस, आणि शत्रूच्या हाती तू लेकरू देतेस. ऐकून ऐकून मलाही तसंच वाटू लागलं होतं. एका रविवारी जानू जेवताना सहज म्हणाली, "दादा माझ्याबरोबर जेवतच नाही." जानू आजोबांना दादा म्हणायची. मी विचारलं, मग कुठं जेवतो? "शेतातल्या झोपडीत. भाकरी पण तोच करतो, जळालेली. बाबा म्हणाले, घरात पाणी पण पीत नाही म्हातारा, वेडा झालाय." आई वाढता वाढता थांबली. ते घर नायकांनी स्वतः बांधलं होतं, स्वतः पाणी मारून भिंती भिजवल्या होत्या. पोराची केस उभी राहिली तसे ते घर सोडून शेतात राहायला गेले होते आणि आम्हाला याचा पत्ताही नव्हता. पुढच्या शनिवारी आईनं तांब्या बाहेर नेला नाही. नायक आले तशी फाटकापर्यंत गेली आणि डोक्यावर पदर घेऊन "राम राम, नायक," एवढंच म्हणाली.

अंतिम युक्तिवादाची तारीख जवळ आली आणि आमच्या घरातली झोप उडाली. वकिलांनी मला बजावलं होतं: मुलगी आज जिथं रुळलेली आहे, ते कोर्ट बघतं. म्हणून या दिवसांत जास्त सांभाळा. समोरच्याला हे कळत नसेल असं समजू नका. मेडिकलमध्ये आमच्याच तांड्याकडची एक बाई औषध घ्यायला आली होती, ती बोलता बोलता म्हणून गेली की प्रवीण पैनगंगेपलीकडच्या कुठल्या तरी होस्टेलच्या शाळेची चौकशी करतो आहे. मी त्या शनिवारी जानूला देऊ नये असं आईला वाटत होतं. पण दिली नाही तर हुकूम मी मोडला असता. नायक फाटकात उभे होते. मी त्यांना सरळ विचारलं, "बापू, तिला परत आणाल ना?"

"हुकूम हाय न," ते म्हणाले. त्याहून जास्त काही म्हणाले नाहीत.

रविवारी दुपारपासूनच मी फाटकात होते. पाच वाजले. ऊन समोरच्या टाकीच्या वर गेलं. साडेपाचची फुलसावंगीची बस आली असेल असा हिशेब करून मी कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. कोणी नाही. नायकांचा फोन लागेना, प्रवीणचा बंद. सहा वाजून गेले तशी आई देवापुढं दिवा लावायचं विसरून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. वकिलांना फोन केला तर म्हणाले, उद्या सकाळी अर्ज देऊ, तोवर पोलीस स्टेशनला कळवून ठेवा. उद्या सकाळी! उद्या सकाळपर्यंत गाडी नदी ओलांडून कुठल्या कुठं जाईल, हे वकिलाला कोण सांगणार? मी स्कूटी काढली. आई मागं बसली आणि नेमकी तेव्हाच कोपऱ्यावर एक मोटरसायकल वळली. तांड्यातला कोणी एक माणूस चालवत होता, मध्ये जानू, मागं नायक. उपरणं डोक्यावर नव्हतं. त्यांनी ते जानूच्या कानांना गुंडाळलं होतं.

जानू धावत येऊन माझ्या कमरेला चिकटली. तिला मी धरलं ते इतकं घट्ट की ती "आई, दुखतंय," म्हणाली. तेव्हा कुठं मला रडू फुटलं.

काय झालं ते नायकांनी सांगितलं नाही, मोटरसायकलवाल्यानं सांगितलं. दुपारीच प्रवीणनं गाडी काढली होती, मागच्या सीटवर जानूची नवी ट्रंक होती. नायक गाडीच्या आडवे गेले, तर त्यानं गाडी मागं घेऊन दुसऱ्या वाटेनं वळवली. तेव्हा नायक सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढं उभे राहिले आणि त्यांनी नसाबीची हाक दिली. ती हाक काय असते ते ज्यानं तांड्यात ऐकली त्यालाच माहीत. लोक हातातली कामं टाकून आले, आणि कोणाचा तंटा म्हणून विचारू लागले तर नायक म्हणाले, माझाच. माझ्या पोरानं कोर्टाचा हुकूम मोडायला घेतलाय. मला नायक मानत असाल तर ती गाडी तांड्याबाहेर जाऊ देऊ नका. वाटेत बैलगाड्या आडव्या लागल्या. बाप-लेकाची भर तांड्यासमोर बोलाचाली झाली. प्रवीण म्हणाला, "माहा बाप हायेस का तिचा वकील?" नायकांनी गाडीचं दार उघडून जानूला खाली घेतलं. तोवर शेवटची बस निघून गेली होती.

हे सगळं मी फाटकात उभी राहून ऐकत होते आणि नायक आकाशाकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, सूर्य बुडाला. उशीर झाला. उद्या वकिलाले सांगून कोर्टात लिहून दे. पोराचं लिहू नको पयले, माहं नाव लिही. हुकूम माह्या नावाचा होता."

मी म्हटलं, बापू, तुम्ही तिला आणलंत, मी तुमचं नाव कशी लिहू? त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "मंग मी कायले उभा राह्यलतो कोर्टात? मले सोडशीन त मंग उद्या त्यालेबी सोडशीन!"

मी नाव लिहिलं नाही. पण तारखेच्या दिवशी ते स्वतःच पुढं गेले आणि मॅडमना सांगितलं: मी उशीर केला, सूर्य बुडाल्यावर पोहोचलो. मॅडमनी विचारलं, का उशीर झाला? प्रवीण समोरच उभा होता, जबडा आवळून. मला त्या क्षणी नायकांचं तोंड कोणीतरी दाबावं असं वाटलं. माझ्या फायद्याची गोष्ट होती, तरी वाटलं. नायकांनी गाडीचं सांगितलं, ट्रंकेचं सांगितलं, नदीपलीकडच्या शाळेचं सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, एक कमी केला नाही. माझ्याबद्दल मॅडमनी विचारलं तेव्हाही तसंच केलं. म्हणाले, "बाई पोट्टीले चांगलं ठेवते. पण बापाबद्दल तिच्यासमोर वाईट बोलते. तिची मायबी बोलते. ते बंद झालं पाह्यजे." आई खाली बघत पदराचं टोक पिळत राहिली. मला राग आला आणि तो दोन दिवस टिकला, कारण ते खरं होतं.

निकाल लागला. घटस्फोट मिळाला, जानू माझ्याकडे राहिली, प्रवीणला सुट्ट्यांत आणि ठरलेल्या रविवारी भेट मिळाली. आता त्यानं स्वतः यायचं होतं. आजोबांची नेमणूक संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फाटकाची कडी वाजली. मी बाहेर आले तर नायक आत आले होते, चपला काढून ओट्यावर बसले होते, पाय लांब सोडून. इतक्या दिवसांत त्यांना बसलेलं मी पाहिलंच नव्हतं. गोरमाटीत, पूर्वीच्याच आवाजात, ते म्हणाले, "याडी, पाणी दे."

आईच तांब्या घेऊन धावली. त्यांनी तोंड वर करून धार लावली आणि सगळा तांब्या रिकामा केला. मग दुसरा मागितला. मी दाराच्या चौकटीला धरून मुक्यानं रडत होते आणि ते मिशा पुसत जानूला तिच्या शाळेबद्दल विचारत होते. उठताना म्हणाले, आता तिकडंही जायचं आहे, ऊन व्हायच्या आत.

त्यानंतर ते पुष्कळदा आले, चहा प्यायले, आईच्या हातची भाकरी जेवले. मी एकदा विचारलं, बापू, त्या दिवशी प्रवीणकडे पाणी प्यायलात? नसाब उठली होती, बोली घरची होती, आता सांगायला काय हरकत होती? ते जानूच्या वेणीकडे बघत राहिले. "तिकडची गोष्ट तिकडं, याडी."

थंडी सरता सरता एका पहाटे तांड्यातून फोन आला. आम्ही तिघी पहिल्या बसनं गेलो. नायक शेतातल्या झोपडीतच झोपेत गेले होते. मग मला बायकांनी सांगितलं: निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते प्रवीणच्या दारात उभे राहिले होते, स्वतः बांधलेल्या घराच्या. पाणी मागितलं. प्रवीण आत होता. बाहेर आला नाही. नायक दुपारपर्यंत पायरीवर बसले आणि मग शेताकडे गेले. पुढं ते शेतातच राहिले, आणि प्रवीण कामावरून आला तरी त्या वाटेला जात नसे.

प्रवीण आता बापाच्या उशाशी बसला होता. कोणीतरी पळीत पाणी दिलं, ते त्यानं बापाच्या तोंडात घातलं, पण ते आत गेलं नाही, ओठांच्या कडेनं मिशीत उतरलं. त्यानं पुन्हा घातलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा घालायला गेला तेव्हा लोकांनी त्याचा हात धरला.

शेतातच अग्नी दिला. बायका झोपडीपाशी थांबल्या होत्या. माणसं पांगली तरी प्रवीण बांधावर एकटा बसून होता. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. ओठ सुकून पांढरे पडले होते, घशाची घाटी वरखाली होत होती, आणि त्या क्षणी तो इतका बापासारखा दिसत होता की मला बघवेना. मला त्याच्याबद्दल माया वाटत नव्हती, खोटं कशाला बोलू? पण झोपडीत गेले, नायकांचा तांब्या माठात बुडवला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यानं मान वर केली. निकालानंतर आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो.

"घे," मी आमच्या बोलीत म्हटलं. "नसाब उठली."

त्यानं ओंजळ पुढं केली. मी धार धरली. तो पीत होता आणि रडत होता, पाणी कोपरांवरून मातीत पडत होतं, आणि मी तांब्या रिकामा होईपर्यंत हात हलू दिला नाही. मग जानूनं माझ्या हातातून तांब्या घेतला आणि झोपडीत नेऊन माठावर पालथा ठेवला.